दाराच्या जागी पाणी

माणिकप्पाच्या आधी त्याचा उजवा हात जळकोटात ओळखीचा झाला होता. हाळीच्या बाजारात उभी हयात तो बैलांचा हेडी. सौदा करताना रुमालाखाली समोरच्याची बोटं अशी दाबायचा, की गिऱ्हाईक भाव पाडायचं सोडून आपला हात सोडवून घ्यायच्या फिकिरीत पडायचं. कुणाच्या मारक्या गोऱ्ह्याला वेसण घालायची असली की बोलावणं माणिकप्पालाच. चौघं पाय बांधून धरायचे, माणिकप्पा मानेवर गुडघा रोवायचा आणि दाभण नाकाच्या पडद्यातून आरपार काढायचा. रक्ताची धार कोपरापर्यंत यायची, गोऱ्ह्याचा हंबरडा वेशीपर्यंत जायचा. ह्या बाबाचा हात काही हलायचा नाही. काम झालं की धोतराला पुसून त्याच हातानं चहाची बशी तोंडाला लावायचा.

संध्याकाळी तोच हात घरी यायचा.

घरी येऊन काय करायचा ते नागम्माच्या डाव्या कानाला विचारावं. पण तो कान कुणाचं ऐकत नाही, तो कायमचा बंद होऊन जमाना झाला. थोरला वीरभद्र तेव्हा रांगत होता. माणिकप्पा सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेला. नागम्मा भाकरी थापण्यात, आणि पोरानं रांगत येऊन विभूतीची वाटी उलथी केली. माणिकप्पानं डोळे उघडले. घाई केली नाही. पूजा पुरी केली, लिंग पुसून वस्त्रात गुंडाळलं, डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली. मग उठून चुलीपाशी गेला आणि एकच वाजवली. नागम्माचं डोकं भिंतीवर आपटलं. कानातून आधी रक्त, मग आठवडाभर पू. पूजेच्या मध्ये हात उचलायचा नाही, हा नेम मात्र त्यानं जन्मभर पाळला.

पोरांनाही तसंच वाढवलं. वीरभद्र आणि मल्लिकार्जुन, दोघांच्या पाठीवर आसुडाचे वळ एका मापाचे. बाप बैल विकून घरी आला की दोघं कडब्याच्या गंजीमागं लपायचे, आणि तिथं बसल्या बसल्या एकमेकांना बुकलायचे. हात चालवायचा असतो एवढंच त्यांना घरात दिसलं होतं.

मोठे झाल्यावर ते बोअरच्या पाळीवरून दिसून आलं. धाकट्यानं पाळी नसताना मोटार चालू केली. थोरला कुऱ्हाड घेऊन शेतात गेला, म्हणे पाइप तोडतो. पाइपावर धाकट्याचा हात होता. कुऱ्हाड थांबली नाही. मल्लिकार्जुनाची दोन बोटं हरभऱ्याच्या सरीत पडली. एक सापडलं, दुसरं कुत्र्यानं उचललं. मल्लिकार्जुनानं तुटका पंजा सदऱ्यात गुंडाळला, उरल्या हातानं बांधावरचा दगड उचलला आणि भावाच्या खांद्याचं हाड मोडलं. दोघांना एकाच जीपमध्ये घालून लातूरला न्यावं लागलं, तर जीपमध्येही लाथा चालूच. माणिकप्पा मागून दवाखान्यात पोचला. दोघांच्या खाटांपाशी जाऊन त्यानं दोघांच्याही एकेक कानाखाली काढली आणि परत आला.

मग पंच बसले. शेत तुटलं, घराच्या मधोमध रेघ पडली. शेवटी म्हातारा-म्हातारी राहिली. इकडच्या रिवाजानं त्यांचीही वाटणी होते. एक एकाकडं, एक दुसऱ्याकडं.

"माणिकप्पा, तू बोल. कुनाकडं ऱ्हातू?"

"थोरल्याकडं."

नागम्मा खांबाला टेकून, चांगला कान पंचांकडं करून बसली होती. "आन तू गं, माय?" पंचांनी विचारलं.

"धाकट्याकडं," ती लगेच म्हणाली.

पंचांना वाटलं, आईचा जीव. बोटं तुटलेल्याकडं ओढ असणारच. माणिकप्पालाही तेच वाटलं.

म्हातारी नजरेआड गेल्यावर आपल्याला काही होईल, असं माणिकप्पाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. थोरली सून सिंधु वेळेवर भाकरी द्यायची, ताक द्यायची, सुट्टीला आली की नात पायही चेपायची. पण सकाळी पूजा झाली, गळ्यात लिंग अडकवलं, की तो चुलीकडं बघायचा आणि तिथं सिंधु असायची. पलीकडून बांगड्या वाजायच्या. खोकला यायचा. त्याला वाटायचं, एकदा तोंड दिसावं. बाकी काही नको; नुसतं तिनं एकदा इकडं बघावं. आजवर त्यानं असलं काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मागायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक दार उरलं होतं. वीरभद्र ते पार बुजवायला निघाला. माणिकप्पा उंबऱ्यात आडवा पडला. "मी मेल्यावर बुजव. मला बी आत घालून बुजव."

तेव्हा वीरभद्राची पोरगी अक्षरा नांदेडहून सुट्टीला आलेली. ती तिथं कॉलेजात. तिनं दोघांत तोड काढली. "पप्पा, दार दोन्हीकडून बारीक करा, आन मधल्या चिरीत माशांची टाकी बसवू. माणूस इकडचा तिकडं जायचा न्हाई. आज्जाला उजेड येत ऱ्हाईल."

मासे घरात असले की दोष जातो, असं वीरभद्राला कुणीतरी सांगितलेलं होतं. तो गुरगुरला, पण कबूल झाला. गवंड्यानं खालून गुडघ्याएवढं बांधकाम केलं, दोन्ही बाजू आत घेतल्या. मध्ये राहिली एक उभी, अरुंद चीर. टाकीवर हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवायची, हे माणिकप्पानं शेजारी उभं राहून करून घेतलं.

नांदेडला दयानंदाच्या रंगीत माशांच्या दुकानात आजोबा-नात गेले. दयानंद पोट सुटलेला, बोलका माणूस. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कायम ओल्या.

"टाकी किती लांब पाह्यजे, आज्जा?"

"लांब न्हाई. उभी." माणिकप्पानं दोन हातांत चिरीची रुंदी धरली आणि मग छातीच्या वर हात नेऊन उंची दाखवली.

"अगं माय! उभी टाकी लई नखऱ्याची असती. माशाला काय जिना चढायची हौस न्हाई, त्याला आडवं पळाया लागतंय. दुसरं, पानी खोल आन तोंड बारीक. हवा वरच्या तोंडातून मिळती, म्हणून मासे थोडेच ठेवायचे. तळ बी चिंचोळा. तळावर ऱ्हाणारे जास्ती टाकले तर जागेपायी एकमेकांचे मुडदे पाडतेत."

चिंचोळ्या जागेत काय होतं, हे माणिकप्पाला नव्यानं सांगायला नको होतं. "मग ऱ्हाईल कोण त्याच्यात?"

दयानंदानं एका टाकीवर टिचकी मारली. चपटे, उभ्या अंगाचे, वर-खाली लांब पंख काढलेले मासे सावकाश वळले. "एंजल. ह्यांचं अंगच उभं. उंच टाकीत शोभतेत आन मावतेत."

माणिकप्पा बाजारात बसायचा तसा उकिडवा बसला. एक डोळा मिटून बघू लागला. "डौल हाय. शिंगं बी वर हायत. दात किती?"

"आज्जा, बैल न्हाई तो," अक्षरा खुदखुदली.

"गप गं. जोडी जुळवून दे बाबा, एका उंचीची."

"जोडी नकोच. जोडी जमली की बाकीच्यांना जगू देत न्हाईत. बारकी चार-पाच पिलं घ्या, संगं वाढली की टोच्या सगळ्यांत वाटल्या जातेत, एकावरच येत न्हाईत. वरच्या अंगाला गुरामी देतो, गरीब असती. तळाला कोरी, मिशावाले, मातीत तोंड घालून बसतेत. असे तीन मजले केले की कुनी कुनाच्या दारात जात न्हाई."

"घरं बी तशीच बांधाया पाह्यजे होती," माणिकप्पा पुटपुटला.

झाडांचं मात्र लवकर जमेना. दयानंद म्हणाला, उजेड वरून येतो, उंच टाकीत खाली पोचेस्तोवर दमून जातो. म्हणून तळाशी सावलीत जगणारं फर्न, लाकडाला बांधून. आणि वॅलिस. लसणाच्या पातीसारखं, आडवं माजत नाही, तळापासून सरळ वरपर्यंत जातं. "ते मागच्या काचेला दाट लावायचं. पुढून मोकळं."

"मागची काच न्हाई. दोन्हीकून पुढचीच हाय."

"आं? मग डाव्या-उजव्या कडंला लावू."

"लाव. पर मधी एक पान नको. आरपार दिसलं पाह्यजे."

"काय दिसायचंय आरपार?"

माणिकप्पा पाण्याकडं बघत राहिला. अक्षरानंच सांगितलं, "आज्जी."

 दयानंद एक लहान डबी घेऊन आला. "आठवड्यातून दोन-तीनदा ह्यातलं चिमूटभर. वाळवलेल्या अळ्या."

माणिकप्पाचा हात छातीवरच्या डबीवर गेला. "आमच्या घरात जीव शिजत न्हाई. भरवणार बी न्हाई."

"मग हे दाणे घ्या."

"ह्यात काय हाय?"

"माशाचाच भुगा."

"थू! आमच्या महादेवाच्या बारवेत मासे हायत, लोक पिठाच्या गोळ्या टाकतेत. ह्यांना बी ज्वारीचं पीठ."

"आज्जा, मासा लिंगायत नसतो हो."

"आमच्या घरात आला की झाला."

दयानंदानं डबी उचलून ठेवली. पिशवीत हवा भरता भरता मात्र बोललाच, "पिठानं पोट फुगंल, भूक जायची न्हाई. मग एकमेकांचे पंख खाया लागतेत. मी सांगितलं न्हाई म्हणू नका."

टाकी बसली. पाणी गढुळलं, निवळलं. कडेची वॅलिस धरली. तळाशी हात पोचायचा तो फक्त माणिकप्पाचा. स्टुलावर चढून, काखेपर्यंत पाण्यात घालून तो रेती सारखी करायचा. आणि एका सकाळी पलीकडं नागम्मा येऊन बसली. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. तिनं मान वर केली.

माणिकप्पा थरकला. मध्ये दीड वितीचं पाणी होतं, पण तोंड दिसत होतं. कपाळाची विभूती, सुरकुत्या, डाव्या कानावर ओढलेला पदर. ती बघत होती. त्यानं मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला. सिंधुला हसू आवरेना. "मामा, पाव्हणे येनारेत का?" बोलायला काही सुचेना, तेव्हा त्यानं काचेपाशी बोटं नेऊन बाजारातली खूण केली, पक्क्या सौद्याची. नागम्माची नजर त्या बोटांवरून तशीच घसरली आणि एका एंजलामागं वर गेली. तो वळला तशी तीही वळली. माणिकप्पानं ते बघितलं, पण मनावर घेतलं नाही. मासा मध्ये आला, म्हणून, एवढंच.

पीठ खाऊन मासे फुगले आणि अंगानं वाळले. मग दयानंद म्हणाला होता तसं झालं. मोठा एंजल बारक्यांना कोपऱ्यात दाबून शेपट्या कुरतडू लागला. एकाचा डोळा गेला. तिथं पांढरा बुडबुडा आला. एक कोरी तळाशी पोट वर करून पडली, आणि बाकीच्यांनी तिचं तेच पोट फोडलं. नागम्मा डाळ टाकून काचेला तोंड लावून बसायची. ओठ हलवायची. काय म्हणायची ते इकडं येत नव्हतं.

त्यात मल्लिकार्जुन उदगीरहून आपले मासे घेऊन आला. काळ्या पट्ट्यांचे, चपळ टायगर बार्ब. चारा थोरल्याचा, मासेही थोरल्या घरानं निवडलेले. मग आपल्या बाजूच्या अर्ध्या टाकीत आपलं काय, हा त्याचा हिशेब. कुणाला न विचारता वरून पिशवी उपडी केली. घटकाभरात त्यांनी एंजलांचे मिशांसारखे लांब पंख धरले. एक तोडून पळायचा, तोवर दुसरा. एंजल वर जायचा, तर वर दोघं. खाली आला, तर खाली तिघं. उभ्या टाकीत पळायला जागा कुठली? पाण्यात पांढऱ्या चिंध्या तरंगू लागल्या. म्हातारपणी माणिकप्पाच्या डोक्यात जे निजलं होतं ते जागं झालं. त्यानं जाळी घातली. एक बार्ब सापडला. मुठीत त्याची फडफड लागली, आणि माणिकप्पानं तो फरशीवर आपटला. फट्. दुसरा पकडला, आपटला. तिसऱ्यावर टाच दिली. फरशीवर लहानशी लाल रेघ उमटली. गळ्यातली डबी छातीवर हेलकावत होती. ज्यानं अळीची डबी घरात येऊ दिली नाही, त्याच्या पायाला माशाचे खवले चिकटले होते.

त्यानं मान वर केली. पाण्यापलीकडं नागम्मा उभी होती. ती फरशीकडं बघत होती. हळूहळू तिचा हात वर गेला आणि डाव्या कानावर बसला. तशीच ती मागं सरत गेली.

दुसऱ्या सकाळी पलीकडच्या काचेला लागून वॅलिसची नवी रांग उभी होती. दाट. माणिकप्पाला समोर नुसती हिरवी पाती दिसली.

त्यानं स्टूल ओढलं, हात खाली घातला, मुळासकट सगळं उपटलं आणि उकिरड्यावर फेकलं. पुढच्या सकाळी पुन्हा झाडं. पुन्हा त्यानं उपटली. रेती ढवळून निघायची, पाणी मातकट व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गढूळ पाण्यात पुन्हा हिरवी रांग. लावणारा कोण, ते त्याला कधी दिसलं नाही. त्यानं मनाशी धरलं, धाकट्याची बायको मंजुषा. टाकीवरच्या फटीतून तो गरजला, "ए पोरी! हात तोडून ठेवीन. कामून लावून राहिलीस ती झाडं?"

"मामा, मी न्हाई लावत."

"मग कोन लावतंय? तुझा बाप?"

 मंजुषानं मागं वळून बघितलं आणि ती निघून गेली. ती कुणाकडं बघत होती, हे विचारायची माणिकप्पाला हिंमत झाली नाही. त्यापेक्षा सोपं काम त्यानं केलं. दुपारी वीरभद्र जेवायला बसला, तेव्हा त्याच्यापाशी जाऊन बसला.

"तुझा भाऊ मला तुझ्या मायचं तोंड बघू देईना."

एवढं पुरलं. वीरभद्र हात न धुता उठला. स्टुलावर चढून त्यानं टाकीत हात घातला. "आज मुळीच ठेवत न्हाई!" त्याचा हात तळाला पोचेना, म्हणून तो वरची पाती ओरबाडत सुटला. पलीकडून मल्लिकार्जुन धावत आला. त्यानं त्या तीन बोटांच्या पंजानं भावाचं मनगट पाण्यातच धरलं, वर ओढून टाकीच्या लोखंडी कडेवर दाबलं आणि दुसऱ्या हातातल्या लोखंडी बत्त्यानं बोटांच्या पेरांवर घाव घातला. एक. दुसरा.

"एकाला एक! माझी दोन घेतलीस ना, अण्णा? आता मोज!"

वीरभद्र गुरासारखा ओरडला. हात हिसडून सोडवला. कोपऱ्यात बांधकामाची पहार होती. ती उचलून त्यानं भाल्यासारखी फटीतून आत सारली. पलीकडं गालफाड फाटल्याचा आवाज आला, आणि लाल धार टाकीच्या पाण्यात पडून उलगडत खाली गेली. मासे तळाला चिकटले. सिंधु, मंजुषा, दोन्हीकडून किंकाळ्या. मल्लिकार्जुन पडला नाही. एका हातानं गाल धरून तो बत्ता उगारून फटीत आला, त्याचं डोकं बरोबर टाकीच्या वर. वीरभद्रानं पहार दोन्ही हातांनी उचलली.

ह्या घावात डोकं जातंय, हे माणिकप्पाला समजलं. मोजून मारलेला घाव आणि सुटलेला घाव, दोन्ही त्याला लांबून ओळखू यायचे. त्यानं आपला उजवा हात फटीत आडवा घातला.

पहार त्या हातावर आली. खाली लोखंडी कड, वर पहार. तुरीची वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि हाताला कोपर आणि मनगटाच्या मध्ये आणखी एक सांधा फुटला.

 मग पलीकडून नागम्माचा आवाज आला. तिला आपला आवाज नीट ऐकू येत नसे, म्हणून ती नेहमीच मोठ्यानं बोलायची. आज ती ओरडली.

"झाडं म्या लावली! ह्याला नका मारू, त्याला नका मारू. म्या लावली."

ती पुढं आली. मल्लिकार्जुनाला तिनं कोपरानं बाजूला सारलं. रक्तानं गुलाबी झालेल्या पाण्यावरून तिनं सरळ माणिकप्पाच्या तोंडाकडं बघितलं.

माणिकप्पाचं तोंड पांढरं पडलं होतं. "कामून?"

"तुमचं तोंड दिसू ने म्हणून."

"नागू..."

"पंचांनी इचारलं तवा तुमी आधी थोरल्याचं नाव घेतलं. म्हणून म्या धाकट्याचं घेतलं. तुमी धाकट्याचं घेतलं असतं, तर म्या थोरल्याचं घेतलं असतं." तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. "जिंदगीभर तुमचा हात बघितला. आता मासे बघून राहिले, ते बी तुमी फरशीवर आपटाया लागले. उपाशी ठेवून ठेवून तुमीच त्यांना भांडाया लावलं. मंजुषाला सांगून अळ्या आणल्या म्या. रोज घालते. बघा, आता कुनी कुनाला खातंय का? पाप लागंल तर माझ्या नावावर."

एवढं बोलून तिनं पदरानं मल्लिकार्जुनाचा गाल दाबला आणि त्याला घेऊन गेली. तिनं आपल्याकडं बघावं एवढंच माणिकप्पाला हवं होतं. बघितलं होतं.

लातूरच्या दवाखान्यात हातात सळ्या बसवल्या. हाड जुळेल, पण मूठ काही वळायची नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. मल्लिकार्जुनाच्या गालाला टाके पडले. पोलिसांना कुणी काही सांगितलं नाही; पहार टाकीवर पडली, एवढंच दोन्ही घरांतून एका सुरात आलं. त्या दोन घरांनी वाटणीनंतर एकत्र केलेलं काम तेवढंच.

माणिकप्पा गळ्यात हात अडकवून परत आला, तर टाकीसमोर विटांचा ढीग आणि वाळू. वीरभद्राच्या डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या. गवंडी थापी घेऊन उकिडवा बसला होता.

"आमच्या मायला तुमचं तोंड बघायचं न्हाई. मग चीर कशाला? मासे नांदेडला परत देऊ. संपवू एकदाचं," वीरभद्र म्हणाला.

माणिकप्पा जाऊन विटांवर बसला. "बुजवू नको."

"आप्पा, उठा."

"मासे तिचे हायत."

"उठा म्हणून राहिलो ना!"

"मार. पर वीट लावू द्यायचा न्हाई."

वीरभद्राचा हात उठला. हा हात कुठून आला हे माणिकप्पाला ठाऊक होतं. त्याचा वेग, खांदा मागं घेण्याची तऱ्हा, सगळं त्याचंच. हात डाव्या कानाखाली बसला. माणिकप्पाचं डोकं भिंतीला लागलं. कानात बारीक शीळ सुरू झाली आणि वाजतच राहिली. त्या शिळेपलीकडून सिंधुचा आवाज येत होता, वीरभद्राला मागं ओढत होती. ते शब्द पाण्याखालून आल्यासारखे. माणिकप्पा उठला नाही. डावा हातही त्यानं उचलला नाही.  वीरभद्र आपल्याच हाताकडं बघत बाहेर गेला. गवंड्यानं थापी पुसली, "उद्या येतो," म्हणाला, आणि तो काही आला नाही.

अक्षरा शनिवारी यायची होती. माणिकप्पानं सिंधुकडून तिला फोन लावून घेतला. फोन उजव्या कानाला धरला.

"पोरी, त्या दयानंदाकून वॅलिस आन."

"किती, आज्जा?"

"माझं तोंड झाकंल इतकं."

रविवारी सकाळी पूजा झाल्यावर तो स्टुलावर चढला. डाव्या हाताला हे काम माहीत नव्हतं. एक मूळ रेतीत खोचलं की दुसरं सुटून वर तरंगायचं. काखेपर्यंत हात घालून, गाल काचेला दाबून, तो एकेक झाड आपल्या बाजूच्या काचेला लावत होता. पलीकडं नागम्मा येऊन उभी राहिल्याचं त्याला पात्यांच्या फटीतून दिसलं. त्यानं नजर खाली रेतीवर ठेवली. एंजल त्याच्या बोटांपाशी येऊन, काही खायला नाही बघून, सावकाश वर गेला.

पलीकडं पाणी हललं. नागम्मा लांब चिमट्यानं आपल्या बाजूची झाडं उपटत होती. तिची काच मोकळी होत गेली, मासे तिकडून पुन्हा दिसू लागले. ओला, निथळता भारा तिनं फटीतून इकडं सरकवला. तो टाकीच्या कडेवर त्याच्या तोंडासमोर लोंबत राहिला.

"हे बी तिकडंच लावा," ती मोठ्यानं म्हणाली.

त्याच्या डाव्या कानात शीळ वाजत होती, तरी ऐकू आलं. त्यानं भारा ओढून घेतला आणि पुन्हा हात पाण्यात घातला.